पंचेचाळीस अक्षरांचा आजार



मागच्या महिन्यात वस्तीतले एक काका दवाखान्याची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. सारी उमर खडीच्या मशीनवर गेलेली. टी.बी.च्या गोळ्यांचा कोर्स झाला, पण दम काही कमी होईना. या वेळी चिठ्ठीवर ‘न्यूमोकोनिओसिस’ असे लिहिले होते. “भाऊ, हे काय नवीनच?” मी पडलो बी.कॉम., डॉक्टर नव्हे. त्यांची दहावीतली नात सोबत होती. तिला म्हटले, बाई, शब्द फोड.

तिने न्यू-मो-को-नि-ओ-सिस असे सहा तुकडे केले. जिभेसाठी हे बरोबर आहे. पण अर्थाचे तुकडे तीनच. न्यूमो म्हणजे फुप्फुस, कोनि म्हणजे धूळ, ओसिस म्हणजे विकार. तिन्ही मुळे ग्रीक. जिभेचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे नेहमी जुळत नाहीत. आपण ‘घरात’ म्हणतो तेव्हा तोंडात घ-रात होते, अर्थ मात्र घर आणि आत. आणि लांब शब्दाची आपल्याला भीती कसली? ‘धम्मचक्कप्पवत्तन’ आपली लहान मुलेही म्हणतात. धम्म, चक्क, पवत्तन. जोडताना ‘प’ तेवढा दुप्पट होतो.

याच आजाराचे एक अवाढव्य नाव आहे. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस! इंग्रजीत ४५ अक्षरे, उच्चाराचे तुकडे १९. १९३५ साली (बाबासाहेबांची येवल्याची घोषणा झाली ते हेच वर्ष) अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी ते केवळ लांबीसाठी रचले. तरी फोडले की सरळ आहे: सूक्ष्मदर्शकालाही दाद न देणारी, ज्वालामुखीतली सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन होणारा विकार. डॉक्टर त्याला नुसते सिलिकोसिस म्हणतात. त्यांच्यासाठी तो शब्दांचा खेळ होता. आमच्या काकांची धूळ ज्वालामुखीची नव्हे, खडीची.

चिठ्ठीवर कोणता शब्द आहे याला फार किंमत आहे. टी.बी. लिहिले की तो घरचा आजार ठरतो, न्यूमोकोनिओसिस लिहिले की कामाचा. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत तो होता, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मात्र सिलिकोसिसवाल्याला टी.बी. लवकर जडतो, म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका.

नातीने चिठ्ठीच्या मागे तिन्ही तुकडे मराठीत लिहून दिले. काकांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “म्हणजे मशीनचीच धूळ.” आता अर्ज करायचा आहे. मालकाने कधी हजेरी कार्ड दिले नाही, हीच अडचण. खडी मशीनवर काम केलेले कोणी असतील, जुनी पगाराची पावती किंवा पास कोणाच्या पेटीत असेल, तर रविवारी सायंकाळी वंदनेनंतर विहारात मला भेटावे. छातीचा फोटो काढला असेल तर तोही आणावा.