हेडसेट घेताना : सात स्पीकर आणि दोन कान

ईद होऊन आठवडा झाला की आमच्याकडे खरेदीचे प्रश्न येऊ लागतात. मुलांच्या हातात ईदी जमलेली असते, डोक्यात एखादी वस्तू पक्की झालेली असते आणि अम्मी-अब्बांना त्या वस्तूचं नावही नीट कळत नसतं. या वेळी तीन घरांतून एकच विचारणा झाली : गेम खेळण्यासाठी मुलगा ‘सेव्हन पॉइंट वन सराउंड’ हेडसेट मागतोय, पाच-सहा हजारांचा आहे, घ्यावा का?

हाच प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात आला होता. मिरजेहून आपाचा मुलगा सुट्टीला आला होता, नववीतला. दोन वर्षांची ईदी जपून ठेवलेली, साडेपाच हजार रुपये. मोबाईलवर हेडसेटचा फोटो दाखवून म्हणाला, “मामू, मला गेममध्ये पावलं ऐकू येतात, पण ती कुठून येतात तेच कळत नाही. माझ्या दोस्तांना कळतं. त्यांच्याकडे सेव्हन पॉइंट वन आहे.”

त्याला आम्ही जे समजावलं ते आधी सांगतो. पुढे काय झालं ते नंतर.

७.१ म्हणजे काय

हा आकडा मुळात खोलीत मांडायच्या स्पीकरांचा आहे. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या खोल आवाजासाठी एक वेगळा सबवूफर. ७.१ म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर. पुढे, बाजूला आणि मागे स्पीकर ठेवले की ज्या दिशेचा आवाज त्या दिशेनेच येतो.

डोक्यावर घालायच्या हेडसेटमध्ये सात स्पीकर कुठे बसणार? काही कंपन्यांनी एकेका बाजूला चार-पाच छोटे स्पीकर बसवून पाहिले. पण ते सगळे कानापासून बोटभर अंतरावर, एकमेकांना चिकटून. जागा कमी म्हणून स्पीकर लहान, आणि वजन मात्र जास्त. असे हेडसेट आता फारसे दिसत नाहीत. आज खोक्यावर ७.१ लिहिलेल्या बहुतेक हेडसेटमध्ये डाव्या कानाला एक आणि उजव्या कानाला एक, असे दोनच स्पीकर असतात. बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं.

यात फसवणूक आहे असं समजू नका. आपल्यालाही दोनच कान आहेत आणि तेवढ्यावर आपण मागून येणारी रिक्षा ओळखतो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो पकडतो. शिवाय मध्ये डोकं असल्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज थोडा दबलेला मिळतो. पुढचा आवाज की मागचा, वरचा की खालचा, हे कानाच्या पाळीच्या घड्या ठरवतात, कारण प्रत्येक दिशेने येणारा आवाज त्या घड्यांवरून वेगळा होऊन आत जातो. सॉफ्टवेअर याच फरकांची नक्कल करतं. ती नक्कल सरासरी कानावरून बनवलेली असते. म्हणून एकाला त्यातून स्पष्ट दिशा कळते, तर दुसऱ्याला पुढचं-मागचं एकच वाटतं.

हे काम घरात आधीच असू शकतं

दिशा दाखवणारं सॉफ्टवेअर हेडसेटबरोबरच विकत घ्यावं लागतं असं नाही. संगणकावर विंडोज १० किंवा ११ असेल तर त्यात ‘विंडोज सोनिक’ नावाची सोय फुकट आहे. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘स्पेशियल साउंड’ शोधा आणि तिथे ती निवडा. डॉल्बी अ‍ॅटमॉस आणि डीटीएस यांच्या हेडफोनसाठीच्या सोयी वेगळे पैसे भरून घेता येतात. प्लेस्टेशन ५ मध्ये थ्रीडी आवाजाची सोय यंत्रातच आहे आणि ती साध्या दोन स्पीकरच्या हेडफोनवरही चालते. एक्सबॉक्सवरही विंडोज सोनिक मिळतं.

काही गेममध्ये ही सोय आतच असते. व्हॅलोरंटमध्ये ‘एचआरटीएफ’ नावाचा पर्याय दिसतो, तो हाच. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा : यातलं एका वेळी एकच चालू करावं. गेमने दिशा दिलेल्या आवाजावर हेडसेटच्या सॉफ्टवेअरने पुन्हा दिशा चढवली की आवाज बाथरूममध्ये बोलल्यासारखा घुमतो आणि पावलांची जागा कळेनाशी होते. “महागडा घेतला आणि आधीपेक्षा वाईट ऐकू येतं” ही तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते.

आणखी एक. यूएसबी हेडसेटचं ७.१ बऱ्याचदा फक्त विंडोजच्या संगणकावर, त्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकल्यावरच चालतं. तोच हेडसेट मोबाईलला किंवा प्लेस्टेशनला लावला की साधा स्टीरिओ होतो. मूल खेळतं मोबाईलवर आणि खोक्यावरचं ७.१ आहे संगणकासाठी, तर त्या आकड्याचे पैसे निव्वळ फिजूलखर्ची.

मग बघायचं काय

पहिलं, जोडणी. मूल कशावर खेळतं ते आधी विचारा. ३.५ मिलिमीटरची गोल पिन मोबाईल, संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचा कंट्रोलर अशी बहुतेक ठिकाणी चालते. मोबाईलला ते भोक नसेल तर छोटा सी-टाइप जोड लागेल. संगणकाला माइक आणि आवाजाची दोन वेगळी भोकं असतील तर एका पिनेच्या दोन करणारी वायर लागेल. ती खोक्यात आहे का ते पाहा.

दुसरं, वायर की बिनवायर. साध्या ब्लूटूथवर आवाज अंमळ उशिरा पोचतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, पण गेममध्ये गोळी आधी लागते आणि आवाज नंतर येतो. शिवाय ब्लूटूथवर माइक चालू झाला की बहुतेक वेळा आवाजाचा दर्जा फोनवरच्या बोलण्यासारखा होतो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स साधा ब्लूटूथ हेडसेट थेट घेतही नाहीत. बिनवायरच हवा असेल तर सोबत २.४ गिगाहर्ट्झचा छोटा यूएसबी तुकडा येतो तो घ्यावा. तो महाग असतो. बजेट कमी असेल तर त्याच पैशांत वायरवाला हेडसेट चांगला मिळतो.

तिसरं, डोक्यावर कसा बसतो. तीनशे ग्रॅमच्या वर वजन गेलं की तासाभरात मान सांगू लागते. कानाची गादी कानाभोवती बसावी, कानावर दाबू नये. चष्मा असेल तर चष्मा घालूनच पाहावा. रेक्झिनच्या गाद्या कोकणात आणि मुंबईत घामाने लवकर सोलटतात. कापडी गादी जास्त टिकते, पण बाहेरचा आवाज थोडा आत येऊ देते. आमच्या मते घरात ते बरंच आहे. अम्मीने हाक मारली, दारावरची बेल वाजली, तर मुलाला कळायला हवं. गाद्या बदलून मिळतात का, हेही दुकानदाराला विचारून ठेवा.

चौथं, खोक्यावरचे आकडे. ५० मिलिमीटरचा स्पीकर ४० पेक्षा चांगलाच असतो असं नाही. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्यामुळे ‘४०,००० हर्ट्झ’ छापलं असेल तर त्याला जास्त पैसे देऊ नका. रंगीत दिव्यांनी आवाज सुधारत नाही.

आता भाच्याची गोष्ट

एवढं सगळं ऐकून भाचा गप्प झाला, पण पटलेलं दिसत नव्हतं. “मामू, माझ्या आताच्या हेडसेटची उजवी बाजू बादच आहे,” तो म्हणाला. “त्याच्या आधीच्याचीही होती. त्याच्या आधीच्याचीही.”

दोन वर्षांत तीन हेडसेट, आणि तिन्हींची उजवीच बाजू खराब. आपा प्रत्येक वेळी स्वस्त मालाला आणि त्याच्या आपटाआपटीला बोल लावायची. आम्हीही तेच म्हटलं असतं. पण हेडसेट हातात होता म्हणून सांगितलं, “उलटा घाल. डावी बाजू उजव्या कानावर.” दोन्ही बाजूंनी सारखा वाजेल असा आवाज लावला.

हेडसेट खरोखर खराब असता तर आता डाव्या कानाला बारीक ऐकू आलं असतं. त्याने उजव्या कानावर बोट ठेवलं. “इकडेच कमी आहे.”

मग तोच हेडसेट आम्ही घातला. दोन्ही बाजू ठणठणीत होत्या.

मिरजेला परतल्यावर आपाने त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. शांत खोलीत बसवून, वेगवेगळे स्वर ऐकवून ऑडिओग्राम काढला. डावा कान उत्तम. उजव्या कानाच्या नसेचं ऐकणं बरंच कमी. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी गालफुगी झाली होती का? सहाव्या वर्षी झाली होती. गालफुगीने एका कानाचं ऐकणं जाऊ शकतं. आता इतक्या वर्षांनी तेच कारण होतं असं छातीठोक सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले.

आपाचा त्या रात्री फोन आला. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “मी त्याला ऐकून न ऐकल्यासारखं करतो म्हणून मारलंय रे.”

घरातल्या बोलण्याला एक कान पुरतो, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षं झाकून राहते. मूल दुसऱ्या बाजूने मारलेल्या हाकेला उत्तर देत नाही, हाक ऐकली तरी भलतीकडे बघतं, गोंगाटात “काय?” “काय?” करतं. आपण त्याला बेपर्वा म्हणतो. दिशा ओळखायला दोन कान लागतात आणि याच्याकडे कामाचा एकच होता. सात स्पीकर असते तरी त्याला पावलांची दिशा कळली नसती.

याहून काळजीची गोष्ट वेगळी होती. उजवीकडे कमी ऐकू येतं म्हणून तो आवाज शेवटपर्यंत वाढवून खेळत होता. उजव्याला त्याचा उपयोग नव्हता आणि मार बसत होता तो चांगल्या डाव्या कानाला. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन असं आहे : मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने मोठ्यांनाही ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. नसेचं ऐकणं एकदा गेलं की सहसा परत येत नाही.

त्याने शेवटी चौदाशे रुपयांचा साधा, वायरवाला, कापडी गादीचा स्टीरिओ हेडसेट घेतला. मोबाईलच्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू केला. त्याने दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन चांगल्या कानाला मिळतो आणि उजवीकडचं काही हरवत नाही. ही सोय विंडोजमध्येही आहे. दिशेसाठी तो डोळे वापरतो. बीजीएमआयमध्ये कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर पावलांच्या आणि गोळीबाराच्या खुणा उमटतात, फोर्टनाइटमध्ये आवाज चित्रातून दाखवायचा पर्याय आहे. आवाजाची पट्टी अर्ध्यावर राहते, त्यावर आपाची नजर असते.

शाळेत सरांशी बोलून त्याला वर्गाच्या उजव्या बाजूच्या बाकावर बसवलं, म्हणजे डावा कान वर्गाकडे राहतो. सायकलला आरसा लावला, कारण हॉर्न कुठून वाजतोय ते त्याला कळत नाही. श्रवणयंत्राने कितपत फायदा होईल याची तपासणी या सुट्टीत आहे. उरलेली ईदी त्याने त्यासाठी देऊ केली. आपाने ती परत त्याच्या डब्यात ठेवली.

तेव्हा विचारणाऱ्या तिन्ही घरांना आमचं सांगणं एवढंच. ७.१ च्या आकड्यासाठी पैसे मोजू नका. नीट बसणारा, मूल ज्यावर खेळतं त्याला जोडता येणारा स्टीरिओ हेडसेट घ्या आणि यंत्रात असलेली सोय आधी वापरून पाहा. पण दुकानात जाण्यापूर्वी एका संध्याकाळी मुलाला घरातला जुना हेडसेट एकदा सुलटा आणि एकदा उलटा घालायला सांगा. दोन्ही वेळा एकाच कानाला कमी ऐकू आलं तर हेडसेटची खरेदी थांबवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. कानात नुसता मळ असेल तर तिथेच काम होईल. तसं नसेल तर जेवढ्या लवकर कळेल तेवढं बरं.