गांडूळ-सरड्यांचे कूळ कवटीवरून ठरवू नका

जमिनीखाली राहणाऱ्या गांडूळ-सरड्यांच्या सुमारे २०० जाती आहेत. त्यांना सरडे आणि साप यांच्या बरोबरीचा तिसरा गट मानावे, हे मत जुन्या अभ्यासकांत बरेच रुजले होते. त्यांची साक्ष भक्कम होती : अंगभर कड्यांसारखी वळी, वरच्या जबड्यात मधोमध एकच दात आणि आखूड झालेले उजवे फुप्फुस. सापांत डावे आखडते, म्हणजे हे साप नव्हेत, इथवर ते बरोबर होते. पण त्यावरून हे सरडेही नव्हेत असे ठरत नाही. २००४-०५ पासून पेशीकेंद्रातील अनेक जनुकांची तुलना झाली, तेव्हा हे प्राणी थेट युरोप-आफ्रिकेतल्या लॅसर्टिड सरड्यांच्या शेजारी येऊन बसले. जर्मनीतल्या मेसेलचा क्रिप्टोलॅसर्टा हा जीवाश्मही याच्या पुष्टीसाठी पुढे केला जातो, पण त्याच्या जागेबद्दल वाद आहे, म्हणून त्याचा आधार मी घेत नाही. जनुकांचा पुरावा त्याच्याविनाही पुरेसा आहे.

आक्षेप असा, की हाडे डोळ्यांना दिसतात. त्यांना डावलून रेणूंवर विश्वास का ठेवावा? कारण माती उकरण्याच्या कामाने हाडे एकाच साच्यात घडतात. फ्लोरिडाचा ऱ्हायन्युरा, दक्षिण अमेरिकेचा लेपोस्टर्नॉन आणि आफ्रिकेचा मोनोपेल्टिस या तिघांचीही डोकी फावड्यासारखी चपटी. कवटी पाहून त्यांना भाऊबंद ठरवले गेले. प्रत्यक्षात पहिल्याचे कूळ इतर सर्वांपासून आधीच फुटलेले आहे. मेक्सिकोतल्या बायपीसचे पुढचे पाय शाबूत आहेत. बाहा कॅलिफोर्नियातल्या जातीच्या प्रत्येक पायाला पाच नखाळ बोटे. पाय आहेत म्हणून तीच शाखा सर्वांत आधी फुटली असणार, हा तर्क सरळ वाटतो. पण बिनपायांचा ऱ्हायन्युरा त्याच्याही आधी वेगळा झाला. गेलेले पाय पुन्हा फुटत नाहीत असे धरले, तर पाय किमान दोनदा, स्वतंत्रपणे गळाले. मग पाय नसणे हा नात्याचा दाखला कसा ठरेल?

म्हणूनच आजची सहा कुळांची मांडणी मला पटते. तिचे बळ क्यूबाच्या केडियात नीट दिसते. हा प्राणी पूर्वी ॲम्फिस्बेनिडी या सर्वांत मोठ्या कुळात टाकला होता. जनुकांनी त्याचा जवळचा सोयरा अटलांटिकपलीकडे, भूमध्य प्रदेशातल्या ब्लॅनसमध्ये दाखवला, तेव्हा २००८ साली केडिडी हे वेगळे कूळ झाले. इतक्या थोड्या जातींसाठी स्वतंत्र कूळ कशाला, असे कोणी म्हणेल. पण कूळ जातींच्या संख्येवर नव्हे, वंशावर ठरते. केडिया जुन्याच कुळात ठेवला असता, तर एवढ्या समुद्रापलीकडे हे सरडे पोहोचले कसे, हा प्रश्न कोणाला पडलाच नसता.