वलगणीच्या दिवसांत

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की कोकणात वलगणीचे मासे चढू लागतात. नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांत, ओढ्यांतून शेतांत शिरतात, आणि बांधाबांधांवर माणसे जाळी नि कोयते घेऊन उभी राहतात. या आनंदाला आमचा विरोध नाही. पण अंड्यांनी भरलेली मादी पकडली, की पुढच्या पिढीलाच आपण हात घालतो. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद ठेवायचे शहाणपण आपल्याकडे आहे. मग ओढ्यांचा विचार कोणी करायचा?

या अंकात आम्ही मासा आणि रान एकत्र पाहिले आहेत, कारण ते वेगळे नाहीतच. झाडांची सावली पाणी गार ठेवते, पानगळीवर कीटक वाढतात, त्या कीटकांवर मासे जगतात आणि माशांवर पाणमांजरे. काठावरची झाडे तोडली की ही साखळी तुटते. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळ सापडलेला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा चिमुकला मासा २०२० मध्ये शास्त्राला नव्याने कळला. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथले २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ घोषित केले. एवढ्याशा माशासाठी एवढी जागा राखली गेली, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते. मात्र गावोगावच्या बिननावाच्या ओढ्यांना असे संरक्षण नाही. म्हणूनच अंकाचा भर त्यांच्यावर आहे.

तुमच्या ओढ्यात पूर्वी कोणते मासे चढत, आता कोणते दिसतात? स्थानिक नावांसह आम्हाला जरूर लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारा.