आपले म्हणणे कोणापुढे कसे मांडावे?

आपल्या समाजात बोलणाऱ्यांची वाण नाही. जयंतीच्या व्यासपीठावर उभा राहिलेला पंधरा वर्षांचा मुलगासुद्धा अडखळल्यावाचून अर्धा तास बोलतो, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु तोच मुलगा मोठा होऊन स्मशानभूमीच्या रस्त्याचा अर्ज घेऊन तहसील कचेरीत जातो, तेव्हा त्याच्या अर्जात दोन हजार वर्षांच्या अन्यायाचा इतिहास असतो, आणि ज्या जमिनीतून रस्ता हवा तिचा गट नंबर मात्र नसतो. अर्ज फायलीत पडून राहतो. आपण म्हणतो, अधिकारी जातीयवादी आहे. कित्येकदा तो तसा असतोही. तथापि गट नंबर नसलेल्या अर्जावर सज्जन अधिकाऱ्यालाही काही करता येत नाही, हे इतकी वर्षे वकिली केल्यावर सांगणे मला भाग आहे.

व्यासपीठावरील ते भाषण चुकीचे होते काय? मुळीच नाही. तेथे ते योग्यच होते. ऐकणारा बदलला आणि मांडणी तीच राहिली, एवढाच दोष. आणि हा दोष क्षुल्लक नव्हे, कारण त्यापायी न्याय्य मागण्या वाया जातात.

या बाबतीत आपल्याला बाहेरचे गुरू शोधण्याचे कारण नाही. चवदार तळ्याचाच लढा पाहा. मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेनेही त्यास अनुसरून ठराव केला, आणि तरीही तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. हे सर्व आपल्याला पाठ आहे. परंतु त्या एका तळ्याविषयी बाबासाहेब किती निरनिराळ्या लोकांपुढे किती निरनिराळ्या रीतीने बोलले, याकडे आपले लक्ष जात नाही. खेड्यांतून चालत आलेल्या माणसांपुढे ते मेलेल्या जनावरांचे मांस सोडण्याविषयी व उष्ट्या भाकरीविषयी बोलले. डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी १७८९ सालच्या फ्रेंच राष्ट्रसभेशी त्या सभेची तुलना केली व हा लढा पाण्याचा नसून समतेचा आहे, हे समजावून दिले. त्याच सुमारास स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत, अंगावरचे दागिने, मुलींची शाळा असे विषय घेतले. विद्वान मनुष्य लुगड्याविषयी कसा बोलतो, असे कोणाला वाटले असेल तर वाटो! ज्या खुणेवरून स्त्री रस्त्यात ओळखली जात होती व हिणवली जात होती, ती खूण पुसण्याचे काम फ्रेंच राज्यक्रांतीच्या दाखल्याने झाले नसते.

आणि कोर्टात? काही सवर्ण गृहस्थांनी दावा लावला होता. तळ्यावर पूर्वापार रूढीने आपलाच हक्क आहे व अस्पृश्यांना तेथे मज्जाव आहे, असे त्यांचे म्हणणे. तेथे समतेवर व्याख्यान देऊन दावा सुटणारा नव्हता. प्रश्न असा होता की तळे कोणाच्या मालकीचे, आणि जी रूढी सांगितली जाते ती अनादि काळापासून चालत आल्याचा पुरावा काय? जो रूढी सांगतो त्यानेच ती सिद्ध केली पाहिजे, या साध्या कायदेशीर मुद्द्यावर सारे उभे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने वादींना अशी रूढी सिद्ध करता आलेली नाही असा निर्णय दिला व अपील फेटाळले. दहा वर्षे लागली. तो निकाल वाचून आपल्यातील एखाद्या तरुणाची निराशा होईल, कारण मनुष्यमात्राच्या समानतेचा उद्घोष त्यात नाही. रूढीच सिद्ध न झाल्यामुळे ती सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे किंवा नाही, या प्रश्नात न्यायमूर्तींना शिरावे लागले नाही. पण तळे खुले राहिले. मला तर या कोरड्या निकालात फार मोठे शहाणपण दिसते.

आता आपल्या घरातील प्रश्नाकडे वळू. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपली माणसे केंद्र सरकारच्या दृष्टीने अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेली. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांचे व शिष्यवृत्त्यांचे दार बंदच होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला तो १९९० साली. संसदेपुढे त्यासाठी कारण कोणते मांडले गेले? धर्म बदलला तरी या लोकांची सामाजिक व आर्थिक स्थिती बदललेली नाही, हे.

हे वाक्य ऐकून पुष्कळ नवदीक्षित कुटुंबांना अवघडल्यासारखे होते. विहारात आपण म्हणतो की दीक्षेने आमचा कायापालट झाला, आणि सरकारदरबारी म्हणावयाचे की काही बदलले नाही! मग खरे कोणते? वाचकहो, दोन्ही खरे आहे. पहिले विधान आपल्या मनाविषयी आहे. दुसरे विधान गाव आपल्याशी कसे वागतो याविषयी आहे. आपण दीक्षा घेतली, गावाने घेतलेली नाही. म्हणून जातीचा दाखला मागणे म्हणजे जात मानणे नव्हे. कचेरीतील कारकून तुमची श्रद्धा विचारीत नाही. तुमचे पूर्वज अनुसूचीतील कोणत्या जातीत गणले जात, एवढेच त्याला पाहावयाचे असते, आणि त्यासाठी तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतो. यास्तव एक कळकळीची विनंती आहे: दीक्षेच्या उत्साहात आजोबांच्या शाळेचा दाखला, जुन्या जन्मनोंदीचा उतारा, असले कागद जातीचे नाव आहे म्हणून फाडून टाकू नका. देव्हाऱ्यातील मूर्ती आणि पेटीतील कागद यांत फरक आहे.

येथे कोणी विचारील की श्रोत्याप्रमाणे बोलावयाचे म्हणजे ज्याला जे आवडेल ते बोलावयाचे काय? १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षपदासाठी बोलावले. त्यांनी भाषण लिहिले ते हिंदू सुधारकांसाठी, त्या सुधारकांच्याच चळवळीचा इतिहास घेऊन, त्यांच्याच ध्येयाची कसोटी लावून. ही झाली श्रोत्याची जाण. परंतु मंडळाने काही भाग वगळावा असा आग्रह धरला तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. परिषद रद्द झाली, आणि भाषण त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले. दाखले, क्रम, शब्द हे श्रोत्याकडे पाहून ठरवावेत. निष्कर्ष त्याच्याकडे पाहून ठरवू नये.

भगवान बुद्धांची रीत तर आपल्याला ठाऊकच आहे. मेलेले मूल कवटाळून फिरणाऱ्या किसा गोतमीला त्यांनी अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही तेथून मोहरी आणावयास पाठविले. शेती करणाऱ्या भारद्वाज ब्राह्मणाशी ते नांगराच्या व बियाण्याच्या भाषेत बोलले. आणि आपण मात्र अजून देव्हारा न सोडलेल्या म्हाताऱ्या आत्याला बावीस प्रतिज्ञा आरोपपत्रासारख्या वाचून दाखवितो व ती ऐकत नाही म्हणून रागावतो.

माझी सूचना अशी की रविवारच्या वंदनेनंतर विहारात तरुण मुलामुलींनी तासभर बसून एकच मागणी तीन प्रकारे लिहावी. वर सांगितलेला स्मशानभूमीचा रस्ताच घ्या. तहसीलदारासाठी एक पान: सातबारा, गाव नकाशा, सध्याच्या वाटेची लांबी, पावसाळ्यात ती किती दिवस पाण्याखाली असते, आणि पूर्वी केलेल्या अर्जांच्या तारखा. ग्रामसभेसाठी तोंडी मांडणी: किती घरांना उपयोग होईल, पैसा कोणत्या निधीतून येईल, ठरावाचा मसुदा आधीच लिहिलेला. तिसरी मांडणी सर्वांत कठीण, कारण ती ज्याच्या बांधावरून रस्ता जावयाचा त्या शेतकऱ्यापुढे करावयाची आहे. तेथे घोळक्याने जाऊ नका. दोन वडीलधाऱ्यांनी जावे, आणि रस्ता झाल्यावर पाण्याचा लोंढा त्याच्या पिकात शिरू नये म्हणून चर कोठून काढावा लागेल, हे प्रथम त्यालाच विचारावे.