पाहुण्यांचा बाजा



कुंभकोणमहून एका भगिनींचे पत्र आले आहे. घराणे तंजावरी महाराष्ट्रीयांचे; घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांच्या कन्येचा विवाह स्वामीमलैस व्हावयाचा आहे. मुहूर्ताला नागस्वरम् आणि तविल वाजावे, याबद्दल घरात दुमत नाही. वाद आहे तो सायंकाळच्या समारंभाचा. मुलांनी एक डीजे ठरविला असून त्याच्या जोडीला पुण्याहून एक वाद्यवृंद पाहुणा म्हणून येणार आहे. हे ऐकल्यापासून भगिनींचे श्वशुर अबोल झाले आहेत. "मामंजी म्हणतात, परक्या बाजावर माझी नात नाचणार असेल तर मी संध्याकाळी खोलीबाहेर येणार नाही. मुले म्हणतात, हाच आजचा आनंद आहे. मी कोणाची समजूत घालू?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम हा डीजे म्हणजे काय, ते आजोबांच्या पिढीसाठी सांगितले पाहिजे. पूर्वी तो दुसऱ्यांच्या तबकड्या वाजवीत असे; आता तो यंत्रावर ताल व स्वर जुळवून स्वतःच गीत रचतो आणि गळा किंवा वाद्ये दुसऱ्याची घेतो. 2017 साली अमेरिकेतील चेनस्मोकर्स या डीजे-जोडीने इंग्लंडच्या कोल्डप्ले या वाद्यवृंदासह 'समथिंग जस्ट लाइक धिस' हे गीत काढले, ते जगभर गाजले. हाच कोल्डप्ले 2025 च्या जानेवारीत नवी मुंबईस येऊन गेला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरची मुले तेथे गेली असतील. तेव्हा पत्रातील मुले काही जगावेगळे मागत नाहीत.

परंतु मला सांगावयाचे आहे ते निराळेच. ज्या भूमीवर हा विवाह होणार, तेथल्या संगीताने पाहुण्या बाजाला दोनशे वर्षांपूर्वीच पान वाढले आहे.

मुत्तुस्वामी दीक्षितर (1775–1835) हे तिरुवारूरचे. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी हे एक. तरुणपणी त्यांचे कुटुंब मद्रासजवळील मणली येथे एका धनिकाच्या आश्रयास होते. या धनिकाचा ईस्ट इंडिया कंपनीशी व्यवहार असे. त्यामुळे कंपनीच्या लष्करी बँडचे सूर या वैदिक घराण्याच्या कानी पडू लागले. धाकटे बंधू बालुस्वामी एका युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकले. दक्षिणेच्या मैफलीत गायकाच्या शेजारी आज व्हायोलिन दिसते, त्याच्या मुळाशी ही शिकवणीही आहे. आणि थोरल्या बंधूंनी काय केले? बँडच्या चाली उचलल्या आणि त्यांवर संस्कृत स्तुतिपदे बसविली. अशा सुमारे चाळीस रचना 'नोट्टुस्वर' या नावाने ओळखल्या जातात. इंग्रजी 'नोट' या शब्दावरूनच हे नाव पडले. त्यांचा राग शंकराभरणम्, म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे स्वर. गमक जवळजवळ नाहीच. सूर सरळ, पावलांना उचलणारे.

त्यांतील एकीची कथा मामंजींना अवश्य सांगावी. फ्रेंच भाषेत 'आपण नाचाल का?' असा जिच्या नावाचा अर्थ होतो, ती नृत्याची चाल दीक्षितरांनी घेतली आणि तिच्यावर शक्तिसहित गणपतीची स्तुती रचली. आज दक्षिणेतील पाच-सहा वर्षांची मुले गुरूसमोर मांडी घालून 'शक्ति सहित गणपतिम्' म्हणतात, ती हीच. ब्रिटिश राजगीताच्या चालीवरही त्यांनी पद बांधले आहे. लष्करी शिबिरातला बाजा देवघरात आला आणि देवघर बाटले नाही.

या गणपतिस्तुतीत दीक्षितरांची 'गुरुगुह' ही मुद्रा आहे. गुरुगुह म्हणजे मुरुगन्, आपला कार्तिकेय. आणि स्वामीमलै हे त्याच्या सहा प्रमुख स्थानांपैकी एक. साठ पायऱ्या चढून गेल्यावर जो स्वामिनाथ भेटतो, त्याने पित्याला, प्रत्यक्ष शिवाला, प्रणवाचा अर्थ सांगितला अशी तेथली कथा आहे. तेथे पुत्र गुरू आहे आणि पिता श्रोता. (हा परिच्छेद मुलांनी मामंजींसमोर मोठ्याने वाचू नये, वडीलधाऱ्यांना टोमणा लगेच कळतो.)

तंजावरचे म्हणाल तर शरफोजी महाराजांनी (कारकीर्द 1798–1832) पाश्चात्त्य वाद्ये दरबारी आणली आणि त्याच काळात नृत्यासाठी मराठीत रचनाही केल्या. त्यांच्या 'देवेंद्र कुरवंजी'त तर कुरवंजी स्त्री चक्क जगाचा भूगोल सांगते! दीक्षितरांचे शिष्य असलेले चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार बंधू याच दरबारात होते. आजच्या भरतनाट्यमचा क्रम त्यांनी लावून दिला. मामंजींच्या पूर्वजांनी हे ऐकले नसेल, असे मला वाटत नाही.

तरीही मुलांची बाजू निर्दोष नाही. स्वामीमलैचे स्थपती मेणाची मूर्ती घडवितात, तिच्यावर कावेरीचा गाळ लिंपतात, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. दीक्षितरांनी चालीचे असेच केले. आकार ठेवला, आत आपला धातू ओतला. कर्ण्यांची भिंत उभी करून छातीत धडधड भरणे ही त्याची बरोबरी नव्हे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. मुलांनी आवाज किती ठेवणार हे आजोबांना आधी सांगावे. आजोबांची निम्मी तक्रार बहुधा तेथेच असेल.

भगिनींना माझी सूचना अशी. सकाळचे नागस्वरवादक सायंकाळीही थांबवून घ्यावेत. त्यांची विदागी निराळी ठरवावी, ती मुलांनी द्यावी. समारंभाचा आरंभ त्यांनी 'शक्ति सहित गणपतिम्'ने करावा, पुण्याच्या मंडळींनी तीच चाल उचलावी, आणि डीजेने ताल त्यानंतर सुरू करावा. मामंजींना आधी काही सांगू नये. खोलीचे दार मात्र उघडे ठेवावे. पुढे काय झाले ते कळवावे.