स्थगितीची किंमत कोणी मोजायची?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण एकदा चढलेल्याने काय करावे, हे कोणी सांगत नाही. आमच्या घरी तो धडा एका बेलिफाने दिला.

१९९१ साली वडील भाड्याच्या जागेचा दावा हरले. जागा मालकाला परत द्यावी, असा हुकूमनामा झाला. वडिलांनी मुदतीत अपील दाखल केले आणि निर्धास्त झाले. एके दिवशी सकाळीच बेलिफ ताब्याचे वॉरंट घेऊन दारात उभा!

"अहो, अपील केलंय ना आम्ही!" वडील म्हणाले.

"अपील असेल काका, पण स्टे कुठाय?"

बेलिफाचे चुकले नव्हते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४१ व्या आदेशातला ५ वा नियम स्वच्छ सांगतो, की नुसत्या अपिलाने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. त्यात न्यायालय तीन गोष्टी पाहते. स्थगिती न दिल्यास अर्जदाराचे मोठे नुकसान होईल का? अर्ज विनाविलंब केला आहे का? आणि उद्या अपील हरलोच, तर हुकूमनामा पाळू, याची हमी त्याने दिली आहे का? अपिलाची मुदत संपायच्या आत असा अर्ज, निकाल देणाऱ्या न्यायालयाकडेही करता येतो. हे आम्हाला कुठे ठाऊक होते?

वकिलांनी धावपळ करून दुपारपर्यंत तात्पुरती स्थगिती आणली. वरच्या न्यायालयाचा आदेश पोचेपर्यंत वडिलांचे प्रतिज्ञापत्र खालच्या न्यायालयाने ग्राह्य धरले. नियमात तशी सोय आहे. संध्याकाळी आईने शेजारी पेढे वाटले.

पुढे ते अपील नऊ वर्षे चालले. भाडे तेच, जुने. मालक वृद्ध होते, मुलीकडे राहत. तारखेला येत, बाकावर बसत, वडिलांना नमस्कार करीत. सातव्या वर्षी ते गेले. अखेर आम्ही अपीलही हरलो. किल्ली मुलीच्या हाती दिली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बाबांना इथं परत राहायचं होतं."

म्हणून स्थगिती नकोच, असे मी म्हणणार नाही. खालच्या न्यायालयाचीही चूक होते. पैसे गेले, तर हुकूमनामा फिरल्यावर कलम १४४ खाली ते परत मागता येतात. पण घर एकदा पाडले, की अपील जिंकून त्याच्या भिंती उभ्या राहत नाहीत. असे भरून न येणारे नुकसान टाळण्यासाठीच स्थगिती आहे. मात्र ती मिळवणाऱ्याने निकाल लागेपर्यंत फुकट उपभोग घ्यावा आणि जिंकलेल्याने वाट पाहावी, हा तिचा हेतू खचितच नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आत्माराम प्रॉपर्टीजच्या खटल्यात हेच बजावले. जागा खाली करण्याच्या हुकूमनाम्याला स्थगिती देताना अपील न्यायालय भाडेकरूला वाजवी अटी घालू शकते. त्या काळासाठी जुन्या भाड्याऐवजी, ती जागा बाजारात ज्या दराने गेली असती तो मोबदला द्यायला सांगू शकते. आमच्या वेळी अशी अट कोणी मागितली नाही, कोणी घातली नाही. घातली असती, तर त्या गृहस्थांच्या हाती दरमहा काही पडले असते. आणि खरे सांगायचे तर, अपिलाची सुनावणी लवकर व्हावी म्हणून आम्हीही धडपडलो असतो! स्थगिती स्वस्त असली, की तारखा कोणालाच जड होत नाहीत. ती देतानाच मोबदला ठरावा आणि सुनावणीचा दिवसही नेमावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

वडील आता थकले आहेत. पण शेजारचे कोणी "स्टे मिळाला" म्हणून पेढे घेऊन आले, की ते पेढा हातात धरून आधी विचारतात, "अपिलाची तारीख कधीची आहे?"