पडीक नव्हे, पाणथळ!

मंडळी, आपल्या उरणच्या खाजणांना 'पडीक' म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्यासोबत चिखलात उतरावं. हातभर खणा. काळपट-निळी माती, सडक्या अंड्यासारखा वास. ही घाण नाही हो! भरतीच्या पाण्याखाली हवा न पोचणाऱ्या मातीची ती ओळख आहे. तळ्यातला गोड्या पाण्याचा गाळ वेगळा, खाजणाचा खारा चिखल वेगळा. पण पाणी सामावून घ्यायचं काम दोघांचंही. त्यावर मुरूम ओतल्यावर उधाणाचं पाणी जाणार कुठं? तुमच्या-माझ्या घरातच ना!

केंद्राच्या २०१७ च्या नियमांनी भातशेतं आणि मिठागरं 'पाणथळ'च्या व्याख्येतूनच वगळली. कागद बदलला म्हणून माती बदलते का? भरावाचा डंपर दिसला की गप्प बसू नका. फोटो काढा, तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.